उस्तादांचे हिरवे खडे

साबणाच्या कारखान्यात उस्तादांचा अंगठा म्हणजे शेवटचा शब्द. कढईतला घाणा साच्यात ओतला, गोठला, तारेने कापून त्याच्या वड्या पाडल्या, की त्यातला एक तुकडा पांढऱ्या बशीत त्यांच्या टेबलावर जायचा. उस्ताद तो अंगठ्याने दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावायचे. जीभ चुरचुरली तर कॉस्टिक सोडा शिल्लक आहे, माल परत कढईत. नाही चुरचुरली तर पुढे, गुंडाळायला. मालकांनी मागे तपासणीचं एक यंत्र आणलं होतं. ते उस्तादांच्या पाठीमागे कापडाखाली झाकलेलं असायचं आणि त्याच्यावर उस्ताद आपला डबा ठेवायचे.

स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र हा माणूस कोणाचंही ऐकायचा. डॉक्टर सोडून कोणाचंही.

दुखणं तसं जुनंच. पोटभर जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत सरकायची. उस्ताद म्हणायचे, "पित्त झालंय." आता पित्त हा शब्द आपल्याला फार सोयीचा. डोकं दुखलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, छातीत जळजळलं तर पित्त, आणि मालक ओरडले तर त्यांचंही पित्तच खवळलेलं. इतक्या जणांनी वाटून घेतलेल्या दुखण्याला डॉक्टर कशाला लागतो? थंड दूध झालं, आल्याचा रस झाला, उपाशी झोपणं झालं. कळ जायची, कारण ती जाणारच असायची. श्रेय दुधाला मिळायचं.

शेवटी एका दुपारी उस्ताद कढईशेजारी उकिडवे बसले आणि उठेचनात, तेव्हा त्यांची बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. त्या याच कारखान्यात गुंडाळणीच्या टेबलावर काम करायच्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत, तर इथेही वहिनीच म्हणू. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक पेरूसारखी पिशवी काढली आणि तिच्यात ठिपके काढले.

"हे पित्ताशय. यकृताखालची पिशवी. पित्त इथे साठतं. तेलकट खाल्लं की ही आवळली जाते आणि पित्त खाली सोडते. तुमच्या पिशवीत खडे आहेत. आवळताना एखादा तोंडाशी अडकला की कळ येते."

"म्हणजे पित्तच," उस्ताद बायकोकडे बघून म्हणाले. जिंकल्यासारखे.

"पित्त सगळ्यांनाच असतं, काका. खडे तुम्हाला आहेत. पिशवी काढून टाकू. दुर्बिणीतून होतं, दोन दिवसांत घरी जाल."

"खाण्यापिण्यातून काही नाही होणार? नैसर्गिक?"

बाई वैतागल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना रोज येत असावा. "वेळेवर जेवा, उपाशी राहू नका. भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य खा, तळलेलं टाळा, चाला. वजन उतरवायचं तर हळूहळू उतरवा. याने नवे खडे व्हायचा संभव कमी होतो, दुखणंही जरा कमी होईल. पण झालेले खडे भाजी खाऊन विरघळत नाहीत. आणि ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका, तसेच या."

तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. ती मिळवायला वहिनींनी किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. उस्तादांना वाटलं, तारखा झाडाला लागतात.

घरी आल्यावर मेहुणा आला. वहिनींचा धाकटा भाऊ. पाण्याचे फिल्टर विकायचा, त्यामुळे माणसाच्या आत काय काय साचतं यावर त्याचा अधिकार होता. कारखान्यात त्याला सल्लागार म्हणत.

"भाऊजी, पिशवी काढणार? अहो, शरीरात देवाने एक तरी गोष्ट फुकट ठेवलीय का?"

"तेच म्हणतो मी."

"अपेंडिक्स," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ताई, तू मधे बोलू नकोस. आपण आधी निसर्गाला संधी देऊ."

निसर्गाला संधी द्यायची म्हणजे ती वहिनींनी द्यायची, हे कोणी बोलून दाखवलं नाही. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. मग बीट आणि सफरचंदाचा रस, गाळून. दुपारच्या डब्यात उकडलेलं, बिनतेलाचं. संध्याकाळी कडू पाल्याचा काढा, त्यावर कुठल्याशा काटेरी झाडाच्या बियांची पूड. झोपण्याआधी एरंडेलात भिजवलेली गरम पट्टी बरगडीखाली, आणि चादरीवर तेलाचा डाग पडू नये म्हणून तिच्याखाली प्लास्टिक. उस्तादांसाठी एक स्वयंपाक, बाकीच्यांसाठी दुसरा. बाकीचे म्हणजे वहिनी आणि रोज संध्याकाळी प्रगती बघायला येणारा सल्लागार. तो जेवूनच जायचा, आणि तळलेलं जेवून जायचा, कारण त्याच्या पिशवीत काही नव्हतं.

दिवसभर टेबलाशी उभं राहून वड्या गुंडाळायच्या आणि घरी येऊन गाळणी, फडकी, पातेली. वहिनी सुरुवातीला बोलायच्या. "अहो, बाई म्हणाल्या विरघळत नाहीत." मग नुसतं "अहो" एवढंच म्हणायच्या. मग तेही सुटलं. कमी तेलाच्या जेवणाने उस्तादांच्या कळा कमी झाल्या होत्या, यात खोटं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं होतं. पण जमा झालं ते काढ्याच्या नावावर.

तारीख जवळ आली तशी उस्तादांची झोप उडाली. तेव्हा मेहुण्याने ठेवणीतला उपाय काढला. जुलाबाचं मीठ, मग पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात घोटून एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं.

"सकाळी खडे बाहेर. डोळ्यांनी दिसतात, भाऊजी. हिरवेगार. लोकांनी फोटो टाकलेत."

"कसले फोटो टाकतात लोक," वहिनी म्हणाल्या.

"महिनाभर मला थेंबभर तेल नाही," उस्ताद जरा शंकेने म्हणाले, "आणि आता पेलाभर?"

"म्हणूनच तर. पिशवी दचकते."

उस्तादांना ते पटलं. सकाळी त्यांनी न्हाणीघरातून हाक मारली आणि चहाची जुनी गाळणी त्या दिवशी चहाच्या नोकरीतून कायमची गेली. गाळणीत वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे, मऊसर हिरवे गोळे होते. उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर वहिनींनी ते दोनदा पाहिलं होतं, त्यातलं हे दुसरं.

"धू गं जरा. नीट धू. फुटू देऊ नकोस."

वहिनींनी ते नळाखाली धरले. एक गोळा बोटांत आला आणि जरा दबला. बोटांना बुळबुळीत लागलं, मेणचट, ओळखीचं. एवढी वर्षं वड्या गुंडाळणाऱ्या बाईची बोटं होती ती, थांबली. वहिनींनी गरम पाण्याचा नळ थोडा सोडला. गोळ्याची कड विरघळून तेलकट तवंग आला. खडा कुठे असा विरघळतो? तेल पोटात गेलं, आंबट गेलं, खारं गेलं, वरून शरीराची ऊब. कढई तेवढी उस्तादांची स्वतःची.

त्यांनी बाहेर बघितलं. उस्ताद मेहुण्याला फोनवर सांगत होते, आवाज चढलेला, तरण्या माणसासारखा. आता बोलायचं म्हणजे आधी भांडण, मग रुसवा, मग सल्लागाराला बोलावणं, मग त्याचं जेवण. वहिनींनी नळ बंद केला. उरलेले गोळे पुसून जॅमच्या बाटलीत भरले आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

"काय म्हणतेस?" उस्तादांनी विचारलं.

"चहा ठेवते," वहिनी म्हणाल्या.

बाटली कारखान्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत लोक रांगेने बघून गेले. माल वाहणारा गाडीवाला म्हणाला, "उस्ताद, एखादा अंगठीत बसवून घ्या. पाचूसारखा दिसतोय." उस्ताद हसले. एरवी त्यांच्या टेबलाजवळ थट्टा चालत नसे. ज्या अंगठ्याखालून साबणाचा कणसुद्धा फुकट सुटत नव्हता, त्या अंगठ्याने बाटलीचं झाकण दिवसातून चार वेळा उघडलं आणि एकदाही आत बोट घातलं नाही. आपल्या मालाला कोण कशाला तपासतं?

मग त्यांनी वहिनींना दवाखान्यात फोन करायला लावला.

"तारीख रद्द करायची ना? नक्की?"

"खडे बाटलीत आहेत, अगं. पोटातून काय काढणार ते?"

वहिनींनी फोन केला. तिकडून कोणी कारण विचारलं नाही. रांगेत माणसं खूप होती.

त्यानंतरचे काही दिवस वहिनींच्या आयुष्यातले बरे दिवस होते, हेही सांगायला हवं. एकच स्वयंपाक. रस नाही, काढा नाही, पट्टी नाही. उस्ताद तळलेले बटाटे मागून मागून खात होते. वहिनी जेवून लगेच आडव्या व्हायच्या. आपण काहीतरी दाबून ठेवलंय हे त्यांना कळत होतं, पण झोप त्याहून मोठी होती. उद्या बोलू, असं म्हणायच्या. उद्या उठलं की परत दमलेल्याच.

मग एके सकाळी गुंडाळणीच्या टेबलावरून त्यांना दिसलं, उस्ताद कढईच्या कठड्याला ओठंगून उभे आहेत. एक हात ढवळणीवर आणि दुसरा उजव्या बरगडीखाली, शर्टाच्या आत. चेहरा पांढरा. कढई उकळत होती आणि खाली कॉस्टिकचं पिंप उघडं होतं.

वहिनी तिकडे गेल्या. "काय होतंय?"

"गॅस. बटाट्याने होतो."

"अहो."

"गॅस आहे म्हटलं ना. खडे नाहीत, मग दुखणार काय?"

वहिनींनी त्यांचे डोळे बघितले. पिवळे नव्हते. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग त्या परत आपल्या टेबलाशी आल्या. बोलून उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकोचं, डॉक्टरीणबाईंचं, सोनोग्राफीचं, कोणाचंच या माणसापुढे चालत नव्हतं. चालत होतं ते एकाचंच, त्याच्या स्वतःच्या अंगठ्याचं.

दुपारी तपासणीच्या बशा टेबलावर लागल्या. बशा लावायचं काम गुंडाळणीकडेच असायचं. पहिल्या बशीत धुण्याचा साबण, दुसरीत अंगाचा, आणि तिसरी एक जास्तीची. उस्तादांचा डबा होता तिथेच बाटली होती. वहिनींनी तिच्यातला एक गोळा चिमट्याने काढला, तिसऱ्या बशीत ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या.

दुखणं ओसरलं होतं. उस्ताद हात पुसत आले, बसले. पहिला तुकडा दाबला, हुंगला, जिभेला लावला. "जाऊ दे." दुसरा. "जाऊ दे. वास कमी झालाय, सांगा त्यांना." तिसरी बशी ओढली. अंगठा टेकवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

वहिनींनी बशी जरा पुढे सरकवली.

"कोणाच्या घाण्यातलं? तेल किती जास्त आहे बघ. खार पुरा पडलेला नाही, घोटलेलं नाही, नुसतं कोंबलंय. हिरवा रंग कोणाला सुचला? कच्चा साबण आहे हा, निव्वळ कच्चा. असला माल माझ्या कढईतून निघाला तर मी नोकरी सोडीन." त्यांनी तो नाकाशी नेला. "आणि लिंबाचा वास कशाला?"

मग सवयीप्रमाणे त्यांनी तो जिभेकडे नेला.

वहिनींनी ठरवलं होतं, आपण एक शब्द बोलायचा नाही. पण कितीही झालं तरी नवरा होता.

"अहो, जिभेला नको."

"का?"

"कुठून आलाय ते तुम्हाला माहीत आहे."

उस्ताद बघत राहिले. आधी बायकोकडे, मग बोटांतल्या गोळ्याकडे, मग यंत्रावरच्या बाटलीकडे. बाटलीचं झाकण उघडं होतं. कढई गरमच होती, तिची धग तिथवर येत होती, आणि बाटलीतल्या खड्यांच्या कडा सुटून ते एकमेकांना चिकटायला लागले होते. त्यांनी गोळा हळूच बशीत ठेवला. हात धुतले. मग परत धुतले, साबण लावून.

"साबण," ते म्हणाले.

"हो."

"मी केलेला."

"तुम्हीच म्हणालात, कच्चा आहे."

जवळ गाडीवाला उभा होता. त्याच्या तोंडावर काहीतरी यायला लागलं होतं, पण वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो खोकी मोजायला गेला.

पुढचा घाणा उस्तादांनी नीट उतरवला, वेळेवर, चूक न करता. सुट्टी झाल्यावर दोघं चालत घरी निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. धुताना."

"मग बोलली का नाहीस?"

वहिनी चालत होत्या. त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दमले होते," त्या म्हणाल्या.

उस्तादांकडे रागाला जागा होती. नवऱ्याच्या जिवाशी खेळ, वगैरे म्हणता आलं असतं. पण गाळलेले रस, उकळलेले काढे, प्लास्टिक घातलेल्या चादरी अशी एकेक गोष्ट त्या एका शब्दात मावत होती, आणि तो शब्द पुढे ढकलायला अंगठा उपयोगाचा नव्हता. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनेही ती दिली. यात प्रेम किती आणि हात दुखत होते म्हणून किती, याचा हिशोब लावण्यात अर्थ नाही.

घरी सल्लागार जेवायला हजर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"साबण का होईना, भाऊजी, पण आतून धुऊन तर निघालात."

"तू घरी जा," उस्ताद म्हणाले.

"जेवून?"

"न जेवता."

वहिनींना हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगून दोघं दवाखान्यात गेली. खिडकीवर उस्ताद स्वतः उभे राहिले. उभं राहायला वेळ लागतो, हे त्यांना तिथे कळलं. पुढच्या माणसाचं काहीतरी चुकलेलं असतं, खिडकीतला माणूस मधेच उठून जातो आणि पाय ठरावीक जागीच दुखतात. त्यांचा नंबर आला.

"तारीख होती ना तुम्हाला? रद्द का केली?"

"खडे पडले असं वाटलं."

"मग?"

"साबण निघाला."

खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही. "घरगुती अडचण," असं पुटपुटत त्याने लिहिलं. "गेलेली तारीख परत मिळत नाही. आता दोन महिन्यांनंतरची आहे. आधी बाईंना दाखवून घ्या. कळ परत आली होती का?"

"काल."

"मग आजच दाखवा. बसा. आत बोलावतील."

बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, मांडीवर सोनोग्राफीची जुनी पिशवी. बाजूला जागा नव्हती. उस्ताद उभे राहिले. दोन महिने. दोन महिने उकडलेलं खायचं, आणि ते उकडायचं कोणी, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. उत्तर समोरच झोपलेलं होतं, पण ते पूर्वीसारखं सोपं वाटेना. भाजी उकडायची म्हणजे भांड्यात पाणी घ्यायचं, खाली आच धरायची आणि लक्ष ठेवायचं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? हे आपल्याला आधी सुचलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं नाही, नुसता शीण आला.

बरगडीखाली परत काहीतरी हललं. त्यांनी तिथे हात ठेवला आणि या वेळी त्याला गॅस म्हटलं नाही.

आतून नाव पुकारलं गेलं. त्यांनी बायकोच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. मांडीवरची पिशवी तेवढी अलगद काढून घेतली आणि एकटेच आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतली फिल्म उजेडात धरली, त्यांच्याकडे बघितलं, आणि मग सवयीने त्यांच्या मागे, दाराकडे बघितलं.

"काका, बरोबर कोणी नाही? मागे सगळं काकूच सांगत होत्या. काय खाल्लं, काय घेतलं, कधी दुखलं."

"आहे. बाहेर झोपलीय," उस्ताद म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "तुम्ही मलाच विचारा."